झाकली मूठ

त्या संध्याकाळी मी बोलत होते आणि मध्येच बांगड्यांचा आवाज थांबला. घडलं ते एवढंच. बचत गटाच्या बैठकीत बांगड्या कधी गप्प नसतात. कुणी पदराची गाठ सोडून नोटा काढत असतं, कुणी मांडीवरच्या पोराला थोपटत असतं, कुणी घरून निघताना निवडायची मेथी ताटासकट घेऊन आलेलं असतं. पाडव्याचा दुसरा दिवस होता, १० एप्रिल २०२४. आमच्या पडवीत जाजम अंथरलं होतं, चौकटीवरचं आंब्याच्या पानांचं तोरण अजून हिरवं होतं आणि दोन पोरं गळ्यातल्या साखरगाठी चाटून चाटून शर्ट चिकट करून बसली होती. माझा वार्षिक हिशोब वाचून झाला होता. खरं तर तिथंच वही मिटायची. पण मी म्हटलं, "अजून एक सांगायचंय, आईबद्दल." आणि मग सांगितलं, मला जसं सांगता येतं तसं. सुरुवातीला आवाज खाली, मध्ये थोडी थांबले, शेवटी नजर एकीवरून दुसरीवर. त्या शेवटाच्या जरासं आधी बांगड्या थांबल्या. मला वाटलं, बायकांना भरून आलं.

एकीचेही डोळे ओले नव्हते.

मी पुण्यात लीडरशिप कोच आहे. गावात हे सांगायची मोठी पंचाईत होते. थोरल्या आत्याला एकदा समजावायला गेले. ती म्हणाली, "म्हंजी शिकवणी घेतीस का?" म्हटलं, हो, तसंच. "पोरांची?" नाही, साहेबांची. "काय शिकवतीस साहेबांना?" मी म्हटलं, माणसं कशी सांभाळायची, त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं. आत्या जरा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "मंग ते साहेब झाले कशानं?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. हिंजवडी, खराडी, बाणेर, असं माझं फिरणं असतं. थंडगार हॉल, गोल टेबलं, काचेच्या वाटीत पुदिन्याच्या गोळ्या, भिंतीला चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या. सकाळच्या पहिल्या तासाला मी ठरलेलं वाक्य बोलते: इथे मनात काही ठेवू नका, जे आहे ते समोर मांडा, ज्या गटात बोलता येत नाही तो गट नव्हेच. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की त्यावर माझा खरोखर विश्वास बसला आहे. मला मिळालेल्या प्रमाणपत्रासाठी कोचिंगच्या ५०० तासांची नोंद लागते. एकदा रिकाम्या वेळात मी हिशोब मांडला होता: आईचा गट २६ वर्षांचा, महिन्याला एक बैठक, म्हणजे ३१२ बैठका, एकेक दोन तासांची धरली तरी सव्वासहाशे तास झाले. ते गणित मला फारच आवडलं. आवडलं याचीच पुढे लाज वाटली, पण ते नंतर.

आईचा गट १९९६ चा. खेड तालुक्यात हे लोण लवकर आलं होतं. नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेनं १९९२ साली ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, त्याच्याही आधी राजगुरुनगरच्या चैतन्य संस्थेनं आमच्या भागात बायकांना एकत्र बसवायला सुरुवात केली होती. आमच्या गावात ते पोचलं तेव्हा आईचं शिक्षण जुनी सातवी, हातावर गोंदलेलं, आणि आप्पा एसटीत कंडक्टर. लिहिता येणाऱ्या सुना गावात आणखीही होत्या, पण नोटा एका तोंडानं लावून झरझर मोजायचं आप्पांनी तिला शिकवलं होतं, म्हणून वही तिच्याकडे आली असं ती सांगायची. चौदा बायका, महिन्याला वीस रुपये. वीसचे पन्नास झाले, पन्नासाचे शंभर, आता दोनशे. बायका अठरा झाल्या, आणि वीसच्या वर गेल्या तर वेगळी नोंदणी करावी लागायची म्हणून तिथंच थांबल्या. दहा तारखेला दिवेलागणीनंतर बैठक, पाऊस असो, यात्रा असो, कुणाच्या घरी सुतक असो. उशीर झाला की पाच रुपये दंड. एकदा आप्पांची गाडी चुकली, आई त्यांना जेवायला वाढत बसली आणि स्वतःच्याच पडवीत दहा मिनिटं उशिरा आली. तिनं आधी पाच रुपये पेटीत टाकले आणि मग वही उघडली. पत्र्याची ती छोटी पेटी आमच्याकडे, तिची किल्ली थोरल्या आत्याकडे. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे हा नियम त्या बायकांना कुणी तरी पहिल्याच बैठकीत शिकवला होता आणि तो मात्र कधीही मोडला गेला नाही.

माझं लहानपण त्या बैठकांच्या कडेला गेलं. लाइट गेलेले असायचे, कंदिलाच्या काचेवर एका बाजूनं काजळी चढलेली, आणि खोबरेल तेल, घाम, दिवसभर भरलेल्या बटाट्याच्या गोण्यांची माती असा एक वास बायका सोबत घेऊन यायच्या. आई नावं पुकारायची, एकेकीचं "हाय" यायचं. मग पंचसूत्री, शाळेतल्या प्रार्थनेसारखी एका सुरात: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. मी तोवर आईच्या मांडीवर अर्धी झोपलेली असायचे. झोपेत आकडे ऐकू यायचे आणि कर्जाची कारणं. जूनमध्ये बटाट्याचं बेणं. उन्हाळ्यात लग्नं. मग मोटर जळाली, पोरीचं बाळंतपण, वह्या-पुस्तकं. व्याज महिन्याला शेकडा दोन. वर्षाला २४ टक्के झाले की, असं मी कॉमर्सला गेल्यावर एकदा तिला ऐकवलं. ती म्हणाली, सावकार शेकडा पाचनं देतो आणि ते व्याज त्याच्या घरी जातं, हे आपल्याच पेटीत पडतं. मोठी झाल्यावर मी एकदा तिची वही चाळली तेव्हा एक गोष्ट दिसली होती. कर्जाच्या कारणाच्या रकान्यात 'घरखर्च' हा शब्द फार. ज्या बायकांचे नवरे गुत्त्यावर उधारी करून ठेवायचे, त्यांच्याच नावांपुढे तो असायचा. मी तेव्हा हसले होते. त्याचा अर्थ पुढे कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

नोटाबंदीची बैठकही मला आठवते, कारण मी नेमकी गावी होते. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटा बंद झाल्या आणि दोन दिवसांनी दहा तारीख आली. त्या दिवशी एकही बाई उशिरा आली नाही. तांदळाच्या डब्यातून, देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यातून, उशीच्या अभ्र्यातून निघालेल्या पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा. काहींना हळदीचा वास, काहींच्या घड्या इतक्या जुन्या की उलगडताना फाटतील की काय असं वाटावं. नवऱ्यांना ठाऊक नसलेला पैसा होता तो. कुणाचे दोन हजार, कुणाचे अकरा हजार. आईनं वहीत नुसतं 'जादा बचत' लिहिलं आणि कुणाचे किती ते एका सुट्या कागदावर, जो कागद तिनं ब्लाउजमध्ये ठेवला. पुढे सहा-सात महिने ती ज्याचे त्याचे पैसे परत करत होती, कधी विहिरीवर, कधी हळदीकुंकवाच्या वाणात घालून. एका रुपयाचा घोळ झाला नाही. हा प्रसंग मी प्रशिक्षणात पुष्कळदा सांगितला आहे. 'विश्वास' या विषयाला फार उपयोगी पडतो.

आई जानेवारी २०२३ मध्ये गेली. दहाव्याला घाटावर उभं राहून मी मनात म्हणत होते की आता घराला कुलूप लागेल. फेब्रुवारीच्या दहा तारखेला मी कागदपत्रं आवरायला गावी गेले होते, संध्याकाळी दार उघडं होतं, आणि बायका एकेक करून आल्या आणि बसल्या. कुणी मला विचारलं नाही. जाजम कुठे असतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आत्यानं किल्ली काढली, पेटी उघडली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लिव्ह." अध्यक्षा वेगळी, कोषाध्यक्षा वेगळी, मी गावात राहत नाही म्हणून सभासदही नाही. मी लिहिणारी. तेव्हापासून दर दहा तारखेला वाकडेवाडीहून एसटी, बायकांना अर्धं तिकीट, मोशीपर्यंत बरं चालतं आणि चाकणला तळेगाव चौकात गाडी अडकली की तिथं तास जातो. मला हे आवडायला लागलं होतं. महिन्यातून एक दिवस मी कुणाला काही शिकवत नव्हते, नुसती नावं पुकारत होते, आणि "हाय" ऐकताना मला आई झाल्यासारखं वाटायचं. महिला दिनाला मी लिंक्डइनवर आईबद्दल लिहिलं होतं, जुनी सातवी आणि सव्वासहाशे तास वगैरे. त्यावर टाळ्यांचा पाऊस पडला, दोन कंपन्यांनी बोलावणं धाडलं. एका ठिकाणी मी आईच्या पेटीचा फोटो पडद्यावर दाखवला. मानधन चांगलं होतं.

कालनिर्णयची गोष्ट त्यानंतरची. आईनं जुनी कॅलेंडरं टाकलेली नव्हती, फडताळात सुतळीनं बांधून ठेवली होती. दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, म्हैस कधी भरवली, कुणाचं बारसं, सगळं चौकोनांत बारीक अक्षरात. मार्चच्या हिशोबासाठी मी खतावणी ताळ्याला लावत होते, तेव्हा एका पानावर पेन्सिलीचे ठिपके दिसले. खालच्या आळीतल्या मामीचं पान. हप्ता जमा, बचत जमा, आणि बाजूला बघितलं तरच दिसेल असा ठिपका. जून २०२० ते जुलै २०२१. चाकणच्या कारखान्यांतली कंत्राटी पोरं घरी बसली होती ते दिवस, मामीचा मुलगाही त्यांतलाच. मी उठून कॅलेंडरं काढली. त्या चौदाही महिन्यांत दहा तारखेच्या चौकोनात, दुधाच्या आकड्याच्या खाली, तसाच ठिपका आणि पुढे ६००. शंभर बचतीचे, पाचशे हप्त्याचे. चौदा महिन्यांचे ८,४००. म्हैस तिनं त्याच वर्षी विकली होती, आम्हाला सांगितलं होतं की आता धारा काढवत नाहीत.

मी फडताळापाशी बराच वेळ बसून राहिले. रडलेही. आणि रडता रडताच, हे लिहायला नको पण लिहिते, माझ्या डोक्यात ती गोष्ट रचली जात होती: सुरुवात कुठून, थांबायचं कुठं, ठिपका शेवटी.

तीच मी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितली. मामीचं नाव घेतलं नाही. 'आपल्यातल्याच एका भगिनीचे' म्हटलं, आणि महिने सांगितले. अठरा बायकांच्या गटात महिने सांगितले की नाव सांगायचं काय उरतं? मामी भिंतीला टेकून बसली होती. गोष्ट संपली तेव्हा ती आपल्या मांडीवरच्या मुठीकडे बघत होती. मग कुणी तरी म्हणालं, "चला, सैपाक व्हायचाय," आणि सगळ्या उठल्या. चहा तसाच राहिला. परतीच्या एसटीत मी स्वतःला समजावत होते की भावना जास्त झाली की माणसं अशीच गप्प होतात, माझ्या हॉलमध्येही होतात.

मे महिन्यात मामी आली नाही. "हाय"च्या जागी गप्प, आणि मी पुढचं नाव घेतलं. बैठक मोडली, मी पेटी आत ठेवत होते, तेव्हा ती मागच्या दारानं आली. कापडदुकानाची चुरगळलेली पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मोज." पाचशेच्या सोळा आणि शंभराच्या चार, सगळ्या कोऱ्या, बँकेच्या वासाच्या. मी म्हटलं, मामी, हे कशाला, आईनं कधी मागितले असते का. "तिनं नाय मागितले," मामी म्हणाली, "तू मागितले." मी कुठे मागितले, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "याज तुपल्या आईनं लिव्हलं नव्हतं, मी बी धरलं नाय." आणि अंधारात पायरी चाचपत उतरून गेली.

कोऱ्या नोटा कुठून आल्या ते आत्याकडून कळलं. दर गुरुवारी कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्यांचा एक पोरगा मोटारसायकलवर गावात येतो, झाडाखाली बायकांना बसवतो, टॅबवर फोटो काढतो. मामीनं त्याच्याकडून तीस हजार उचलले होते. आठ हजार चारशे माझ्या हातात दिले, बाकीच्यांतून घराचा पत्रा बदलला, आणि आता दर पंधरा दिवसांनी हप्ता. म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वी आईनं ज्या खड्ड्यात तिला पडू दिलं नव्हतं, त्याच खड्ड्याच्या काठावर मी तिला नेऊन उभं केलं, तेसुद्धा आईचं कौतुक करता करता. आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती, मी पाटावर बसले होते. मी विचारलं, तुम्हाला कुणाला माहीत नव्हतं ना, आई असं करते ते? आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "समद्यांना ठावं व्हतं," ती म्हणाली. "आगं, समोरच तर चालायचं. ही यायची मूठ झाकून. तुपल्या आईच्या हातात मूठ रिकामी करायची. तुपली आई मोजायची, लिव्हायची. त्या मुठीत काय नसायचं, ते आम्हांला दिसत नव्हतं व्हय?" आणि मग, परतलेली भाकरी फुगत असताना, जरा रागानंच: "दिसतं म्हनून बोलायचं असतं का समदं?"

मी तिथं बसून ते चित्र डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. पदर नाकावर ओढून अंगणात लांब लांब बसलेल्या बायका, ते करोनाचे दिवस. नाव पुकारलं की मामी उठायची, वाकायची, आईच्या तळव्यावर मूठ ठेवायची आणि उघडायची. आईच्या दुसऱ्या हातात आधीच काढून ठेवलेल्या सहा नोटा. मग आईचं ते मोजणं, अंगठा ओला करून, सगळ्यांच्या समोर, एक, दोन, तीन. चौदा महिने. सतरा जणी बघत होत्या आणि एकीनंही बांगडी थांबवली नव्हती. मी ज्या गोष्टीला गुपित समजून फडताळापाशी रडले, ती अख्ख्या गटानं मिळून झाकलेली मूठ होती. लपवलेलं त्यात काही नव्हतंच. माझ्याच लक्षात आलं नाही, कारण मी वहीत शोधत होते.

इथंच हे संपलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आई थोर, मी उथळ, आत्या शहाणी. अशा गोष्टी मला सांगता येतात. पण जूनच्या बैठकीनंतर शाळेजवळच्या घरातली एक जण मला स्टँडपर्यंत सोडायला आली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, गटात मधली काही वर्षं नव्हती. पाऊस पडून गेला होता, चपलांना चिखल चिकटत होता. ती म्हणाली, "ताई, एका अर्थी बरं झालं बोलल्या तुम्ही." मी चमकून बघितलं. तिनं सांगितलं की २००९ साली तिचा नवरा पडून होता, चार हप्ते थकले, आणि आईनं बैठकीत नियम वाचून दाखवला. तिनं गाभण शेळी विकून पैसे भरले आणि गट सोडला. "माझ्या पानावर ठिपका नाय सापडायचा तुम्हांला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. गाडी आली, मी चढले. खिडकीतून विचारावंसं वाटलं, की आईनं असं का केलं असेल? पण ते मला तरी कुठं माहीत होतं. तेव्हा म्हैस दूध देत नव्हती का? की मामी माहेरच्या बाजूची, सोईरीकीतली, आणि ही परक्या गावची सून? की २००९ ची आई नियमांना धरून चालणारी होती आणि २०२० पर्यंत ती मऊ झाली? माणूस अकरा वर्षांत बदलतो. कॅलेंडरांत मी २००९ काढून बघितलं. एप्रिलच्या दहा तारखेच्या चौकोनात 'बैठक' आणि खाली 'पोटात दुखतंय'. एवढंच.

तेव्हापासून मला एक संशय खातो. कुणाची मूठ झाकायची आणि कुणाची उघडी पाडायची हे ठरवणारी जी असते, तिच्याएवढी सत्ता दुसऱ्या कुणाकडे नसते. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असा पेटीला नियम होता. या गोष्टीला नव्हता. ती सगळी आईच्या एकटीच्या हातात होती, आणि त्याची कुठं नोंद नाही, ठराव नाही, इतिवृत्तात ओळ नाही. माझ्या हॉलमधल्या कुठल्याही साहेबाबद्दल मला हे कळलं असतं तर मी काय बोलले असते ते मला ठाऊक आहे. समोर मांडा, म्हटलं असतं. मी मांडलं, आणि एक बाई कर्जात गेली. न मांडता चाललं तेव्हा एकीची शेळी गेली. जुलैमध्ये खराडीला सकाळच्या पहिल्या तासाला माझं ते ठरलेलं वाक्य बोलताना मी मध्येच अडखळले. समोरचा एक तरुण मॅनेजर वहीत लिहायला वाकला होता, तो वर बघायला लागला. मी पाणी प्यायले आणि वाक्य पुरं केलं. धंदा आहे तो माझा.

पैशांचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. मी ते परत द्यायला दोनदा गेले. पहिल्यांदा मामी घरी नव्हती, निदान सुनेनं तसं सांगितलं. दुसऱ्यांदा होती, शेंगा फोडत बसली होती. तिनं पिशवीकडे बघितलंही नाही. "ते तुपल्या आईचं," म्हणाली, "मी मोकळी झाले." स्वतःकडे ठेवणं मला जमेना. गटाच्या खात्यात भरायचे तर 'इतर जमा' लिहावं लागतं, पावती करावी लागते, इतिवृत्तात कारण लिहावं लागतं आणि पुढच्या बैठकीत ते कारण मोठ्यानं वाचावं लागतं. नियमित हिशोब. मग मी ती कापडदुकानाची पिशवी तशीच पेटीत टाकली, तळाशी. तात्पुरती, असं मनाशी म्हटलं.

मामी सप्टेंबरपासून पुन्हा येते. लाडक्या बहिणीचे पंधराशे ऑगस्टपासून खात्यावर यायला लागले, त्यातून दोनशे बचत भरते, बाकीचे त्या गुरुवारच्या पोराला जातात. बसते मात्र उंबऱ्याजवळ, भिंतीपाशी नाही. नाव पुकारलं की आधीसारखी मूठ पुढे करत नाही. शंभराच्या दोन नोटा जाजमावर एकीशेजारी एक मांडते, सरळ करते, सगळ्यांना दिसतील अशा, आणि बोटानं माझ्याकडे सरकवते. मी उचलते, मोजते. दोनच असतात, तरी मोजते.

आणि शेवटी रोकड ताळ्याला लावायची वेळ येते. माझा चष्मा बदलायचा राहिलाय या निमित्तानं हल्ली आत्याच पेटी मोजते. डिसेंबरची बैठक होती, थंडी पडलेली, बायका शालीत गुरफटलेल्या, शेकोटीचा धूर पडवीत येत होता. वहीप्रमाणे शिल्लक तीन हजार दोनशे पन्नास हवी होती. आत्यानं नोटा काढल्या, एका तोंडानं लावल्या, अंगठा ओला केला. मोजता मोजता पेटीच्या तळाशी ती पिशवी दिसत होती, मला दिसत होती तशी सगळ्यांनाच. पत्र्याला चिकटलेली, दुकानाचं अर्धं नाव वर आलेलं. एकीनं पोराच्या अंगावर शाल नीट केली. शाळेजवळची ती मेथीचे देठ मोडत होती. उंबऱ्याकडे मी बघितलं नाही.

"तीन हजार दोनशे पन्नास," आत्या म्हणाली आणि पेटीचं झाकण लावलं. "जुळलं. लिव्ह."

मी लिहिलं. बांगड्या वाजत होत्या.